दुतोंड्या मारुती आणि आपला नेटवर्क मॅप : मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड कसा मांडायचा

नाशकात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय ते पेपरात छापून येतं, पण घाटावरचा माणूस ते विचारत नाही, तो विचारतो मारुतीच्या कुठपर्यंत आलंय. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. गुडघ्याला पाणी लागलं की बघे जमतात, कमरेला आलं की टपरीवाले सामान उचलतात, छातीच्या वर जायला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायला घेतात. एकच मूर्ती, चार-पाच खुणा, आणि कुठल्या खुणेला कोणी काय करायचं ते गावाला पाठ. मी गेली नऊ वर्षं इथल्याच एका छोट्या ब्रॉडबँडवाल्याकडे नेटवर्कचं मॉनिटरिंग बघतोय आणि इतका चांगला डॅशबोर्ड मला अजून जमला नाहीये.

आमचा पहिला मॅप दिसायला एकदम भारी होता. सगळे स्विच, सगळ्या ओएलटी (घरोघरचं फायबर जिथून निघतं ती यंत्रं), सगळे राउटर, मागे नाशिकचा नकाशा, प्रत्येक रेघेवर आकडे, मालकांनी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवावा असा. मग एका रात्री पावणेदोनला नाइटच्या पोराचा फोन, "दादा, सगळंच लाल झालंय." सगळंच म्हणजे तेवीस आयकॉन. त्यात सिन्नरचा आयकॉन सगळ्यात मोठा काढलेला, कारण तिथे कस्टमर जास्त, म्हणून पोराने लाइनमनला गाडी देऊन सिन्नरला पिटाळला. आणि घोळ होता नाशकातल्याच द्वारकेला, ऑफिसपासून दहा मिनिटांवर, यूपीएस ट्रिप झालेला. नाशिकरोड आणि सिन्नर त्याच्या पुढे लटकलेले म्हणून लाल. पोराची चूक शून्य, मॅपनेच त्याला सिन्नर दाखवलं. त्यानंतर मी तो मॅप डिलीट करून पहिल्यापासून काढला, ते कसं केलं ते इथे लिहितोय. आम्ही झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर वापरतो म्हणून बटणांची नावं त्यातली येतील, पण पीआरटीजी, लिब्रेएनएमएस, ग्राफाना, मायक्रोटिकवाल्यांचं द ड्यूड, काहीही असलं तरी डोकं तेच लागतं.

आधी कागद, माउस नंतर

कागदावर नेटवर्क काढायच्या आधी कागदावर प्रश्न लिहा. रात्री दोन वाजता स्क्रीनसमोर बसलेल्या पोराला काय ठरवायचं असतं? आमच्याकडे चारच गोष्टी निघाल्या. माणूस कुठल्या पॉपला (आपली यंत्रं ठेवलेली ठिकाणं, द्वारका, सिन्नर वगैरे) पाठवायचा. फायबर कट आहे का लाइट गेलीये. रिंगची (गोल फिरून परत येणाऱ्या लाइनची) दुसरी बाजू चालू आहे का, म्हणजे आत्ता पळायचं का सकाळी गेलं तरी चालेल. आणि कंप्लेंटचा फोन आला तर कस्टमरला काय सांगायचं. ज्या वस्तूमुळे या चारपैकी एकाही उत्तरात फरक पडत नाही ती मुख्य मॅपवर येणार नाही, असा नियम केला. सीपीयूचं टेम्परेचर गेलं, पॉपमधले आतले स्विच गेले, ऑफिसचा प्रिंटर पण होता हो मॅपवर, तो गेला. कस्टमरच्या घरचे ओएनयू (फायबरचे डबे) तर घ्यायचेच नाहीत, ओएलटीच्या एका पॉन पोर्टवर ६४ बसतात आणि लोक रात्री झोपताना स्विच बंद करतात, तुम्हाला रोज अकरा वाजता दिवाळी दिसेल. त्यांच्यासाठी वेगळी लिस्ट ठेवा, कुणाची ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून पोचणारा प्रकाश) मायनस २५ डीबीएमच्या खाली घसरलीये एवढंच दाखवणारी, कारण नेहमीच्या बी-प्लस क्लासच्या जीपॉनमधे (घरोघर फायबर देण्याची पद्धत) मायनस २७ ला ओएनयूची हद्द संपते आणि त्याच्या आधी कनेक्टर पुसायला माणूस गेलेला बरा.

मग कनेक्शन काढा, आणि ते आठवणीने काढू नका. एलएलडीपी (स्विच शेजाऱ्याला आपलं नाव सांगतो ती सोय) चालू करून प्रत्येक स्विचला विचारा तुझ्या शेजारी कोण आहे, कारण आपल्या डोक्यातलं नेटवर्क आणि रॅकमधलं नेटवर्क यात दोनतीन वायरींचा फरक असतोच. आमचं निघालं ते असं : मुंबई नाका, द्वारका, पंचवटी, गंगापूर रोड, सातपूर आणि परत मुंबई नाका अशी रिंग. द्वारकेवरून नाशिकरोड आणि पुढे सिन्नर ही एक शेपटी, म्हणजे एकाच बाजूने जोडलेली लाइन, पंचवटीवरून आडगाव, ओझर, पिंपळगाव ही दुसरी. रिंग आणि शेपटी हा फरक कागदावरच ठळक करा, पुढे सगळं त्यावरच चालतं.

नावं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे टाळतात. प्रत्येक अपलिंक पोर्टच्या (पुढच्या स्विचला जोडणाऱ्या पोर्टच्या) डिस्क्रिप्शनमधे समोर कोण आहे ते लिहा, "द्वारका-ते-नाशिकरोड-१०जी" असं, सगळीकडे एकाच पद्धतीने. आणि मॉनिटरिंगला पोर्ट जोडताना इंटरफेसच्या इंडेक्स नंबरवरून जोडू नका, नावावरून किंवा डिस्क्रिप्शनवरून जोडा, कारण कितीतरी डिव्हाइसमधे रिबूटनंतर किंवा नवीन कार्ड घातल्यावर इंडेक्स बदलतो आणि मग तुमची द्वारकेची रेघ गुपचूप भलत्याच पोर्टचा ट्रॅफिक दाखवायला लागते. चूक आहे हे कळतही नाही कारण आकडा तर येत असतो.

आकडा खरा आहे का

रेघेवर ट्रॅफिक दाखवणार असाल तर आधी हे तपासाच. एसएनएमपीमधे (डिव्हाइसकडून आकडे विचारून घ्यायची पद्धत) जुना बाइट काउंटर ३२ बिटचा आहे, तो ४२९ कोटींच्या थोडं पुढे गेला की परत शून्यापासून मोजतो. १०० एमबीपीएसची लिंक फुल्ल चालली तर तो साधारण पावणेसहा मिनिटांत गोल फिरतो, १ जीबीपीएसला ३४ सेकंदांत. आता तुम्ही पाच मिनिटांनी एकदा विचारताय, मधल्या काळात काउंटर आठ-नऊ वेळा फिरून आलाय, तर आलेला आकडा म्हणजे निव्वळ थाप. ६४ बिटचा काउंटर घ्या, ज्याच्या नावात एचसी असतं. तो एसएनएमपी व्हर्जन १ मधे मिळत नाही, २सी किंवा ३ लागतं. शिवाय काउंटर बाइट मोजतो आणि आपण बिटमधे बोलतो, म्हणून दर सेकंदाचा फरक काढून वर ८ ने गुणायचं, झॅबिक्समधे प्रीप्रोसेसिंगला ही दोन्ही कामं होतात. एका ठिकाणी गुणायचं राहून गेलं होतं माझं, चार महिने आम्ही म्हणत होतो ही लिंक तर रिकामीच आहे आणि कस्टमर बोंबलत होते.

इन आणि आउटचा गोंधळ पण इथेच मिटवा. एका लिंकला दोन टोकं, एकाचं इन ते दुसऱ्याचं आउट. आम्ही ठरवलं की आकडा कायम मुंबई नाक्याच्या जवळच्या टोकावरून घ्यायचा आणि इन-आउट हे शब्द वापरायचेच नाहीत, खाली जाणारा बाण आणि वर जाणारा बाण, खाली म्हणजे कस्टमरकडे.

मांडणी

खरा नकाशा मागे टाकायचा मोह आवरा. मी टाकून बघितलाय. सीबीएस ते रविवार कारंजा एवढ्याश्या जागेत पाच आयकॉन एकमेकांच्या उरावर, आणि पिंपळगाव, सिन्नर पार चौकटीच्या कडेला, मधली जागा सगळी शेतं. आणि पार्श्वभूमीच्या हिरव्यापिवळ्या रंगात अलर्टचा रंग हरवतो तो वेगळाच. पण दिशा मात्र खऱ्या ठेवा, सातपूर डावीकडे, नाशिकरोड-सिन्नर उजवीकडे खाली, ओझर-पिंपळगाव उजवीकडे वर, म्हणजे लाइनमनला फोनवर सांगताना तोंडातून आपोआप बरोबर येतं. नकाशातली एकच गोष्ट मी ठेवली, गोदावरी, एक फिकट निळी रेघ, डावीकडून उजवीकडे. कारण आमची रिंग नदी दोन ठिकाणी ओलांडते, एकदा कन्नमवार पुलावरून आणि एकदा रामवाडीच्या पुलावरून, आणि पुराच्या दिवसात त्या दोन रेघांवर नजर ठेवावी लागते. नदीने निर्णय बदलतो म्हणून नदी ठेवली, रस्त्यांनी बदलत नाही म्हणून रस्ते काढले.

झॅबिक्समधे मॉनिटरिंग खाली मॅप्स, तिथे नवीन मॅप, साइज टीव्हीला धरून, आमचा १९२० बाय १०८० चा टीव्ही आहे पण वरची पट्टी आणि बाजूचे विजेट धरून मॅप मी १४०० बाय ९०० चाच केला. पार्श्वभूमीचं चित्र आधी इमेजेसमधे अपलोड करावं लागतं, मग मॅपच्या सेटिंगमधे यादीत दिसतं. ग्रिड चालू ठेवा, ५० चा पुरतो, आयकॉन सरळ रेषेत बसले की डोळ्याला वाकडं काही झालंय ते पटकन कळतं. सगळ्या पॉपना एकाच साइजचा आयकॉन द्या, सिन्नरची गोष्ट वर सांगितलीच. पॉपच्या आतल्या वस्तूंसाठी वेगळा छोटा मॅप करा आणि मुख्य मॅपवर त्या पॉपचा आयकॉन म्हणून तो आतला मॅपच लावा, आत काही बिघडलं की बाहेरचा आयकॉन रंग बदलतो, क्लिक केलं की आत जाता येतं. मुख्य मॅपवर दहा-बाराच्या वर आयकॉन झाले की मी थांबतो.

दोन आयकॉन निवडायचे, लिंक जोडायची, जाड रेघ १० जीची, बारीक १ जीची, तुटक रेघ भाड्याने घेतलेल्या लाइनची. भाड्याची वेगळी दाखवायचं कारण असं की ती तुटली की आपला माणूस पाठवून उपयोग नाही, फोनच करत बसायचं.

रंग कमी ठेवा

झॅबिक्समधे सिव्हिअरिटीच्या, म्हणजे बिघाड किती गंभीर त्याच्या, सहा पायऱ्या मिळतात, सहाही वापरायची सक्ती नाही. आम्ही मॅपला तीनच ठेवल्या. पिवळा म्हणजे सकाळी बघू. नारिंगी म्हणजे फोन करा पण गाडी काढू नका. लाल म्हणजे माणूस पाठवा. मॅपच्या सेटिंगमधे मिनिमम सिव्हिअरिटी असते, ती वॉर्निंगला लावली की त्याच्या खालचं मॅपवर उमटतच नाही. मारुतीच्या गुडघा-कमर-छातीसारखं प्रत्येक रंगाला एक काम बांधलेलं पाहिजे, आणि टीव्हीच्या खाली ते कागदावर लिहून चिकटवा, नवीन पोरगा आला तरी अडत नाही.

लिंक भरली आणि लिंक तुटली या दोन्हीला लाल देऊ नका, ही चूक मी खूप ठिकाणी बघतो. भरलेल्या लिंकसाठी रात्री माणूस पाठवून तो करणार काय? आमच्याकडे ८० टक्क्यांच्या वर पंधरा मिनिटं राहिली तर पिवळी, आणि परत साधी व्हायला ७० च्या खाली यावी लागते. हा मधला दहाचा फरक ठेवला नाही तर आयपीएलच्या मॅचला रेघ दर मिनिटाला पिवळी-साधी-पिवळी करत बसते, रिकव्हरी एक्स्प्रेशन म्हणून वेगळं खातं असतं ट्रिगरमधे (अलर्ट पेटवणाऱ्या नियमात), तिथे ७० टाकायचं.

आणि काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. आमच्यातच एक निघाला, त्याने कधी सांगितलं नव्हतं. म्हणून चालू असलेली लिंक हिरवी न करता करडी ठेवली. सगळं ठीक असताना स्क्रीन जवळपास बेरंग दिसतो, मालकांना आवडलं नाही आधी, म्हणे बंद पडल्यासारखं वाटतं. पण करड्यात एक लाल रेघ दाराबाहेरून दिसते.

एक बिघाड, लाल एकच

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. बाकी सजावट आहे.

द्वारका पडलं तर नाशिकरोड आणि सिन्नर आपोआप दिसेनासे होणार, ते पडलेत असं म्हणायला आपल्याकडे पुरावाच नाही. म्हणून ट्रिगरना डिपेन्डन्सी लावायची : सिन्नरचा ट्रिगर नाशिकरोडवर अवलंबून, नाशिकरोडचा द्वारकेवर. मूळ ट्रिगर पेटलेला असेल तर पुढचा पेटत नाही. पण इथे एक मेख आहे, पोलिंग, म्हणजे विचारणा, सगळ्यांचं एकाच क्षणी होत नाही, सिन्नरचं पिंग (जिवंत आहेस का ही हाक) द्वारकेच्या आधी फेल झालं तर सिन्नर लाल होऊन मोकळं होतं आणि डिपेन्डन्सी बघत बसते. उपाय सोपा आहे, मुळाला कमी वेळ द्या आणि पुढच्याला जास्त. पिंग दर मिनिटाला, द्वारका २ मिनिटं गेलं तर लाल, नाशिकरोड ३ मिनिटं, सिन्नर ४. लांबच्याची बातमी दोन मिनिटं उशिरा कळते, चालतं, गाडी काढायलाच दहा मिनिटं लागतात.

शेपटीला हे सरळ जमतं, रिंगला नाही. पंचवटीला दोन्हीकडून रस्ता आहे, द्वारकेकडून आणि गंगापूर रोडकडून. तुम्ही पंचवटी दोघांवर अवलंबून अशी टाकलीत तर दोघांपैकी कोणीही एक पडलं की पंचवटीचा अलर्ट दाबला जाईल, आणि नेमकी त्याच वेळी पंचवटी खरोखर पडली तर तुम्हाला कळणारच नाही. म्हणून एक वेगळा ट्रिगर बनवा, "द्वारका आणि गंगापूर रोड दोन्ही बंद" असा, आणि पंचवटी फक्त त्याच्यावर अवलंबून ठेवा. हे मला समजायला एक अख्खा पावसाळा गेला.

रिंगची एक बाजू तुटली तर कस्टमरला काही कळत नाही, सगळं दुसरीकडून चालू राहतं, आणि धोका तिथेच असतो, कारण कुणी फोन करत नाही म्हणून कुणी बघतही नाही. सध्या तर २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी ठिकठिकाणी खोदकाम, जेसीबीचा दात कुठे लागेल सांगता येत नाही. तुटलेली रेघ नारिंगी करा आणि मॅपच्या वरच्या कोपऱ्यात एकच वाक्य ठेवा, रिंग पूर्ण आहे का अर्धी. झॅबिक्समधे रेघेला लिंक इंडिकेटर म्हणून ट्रिगर जोडता येतो आणि त्याचा रंग ठरवता येतो. दोन्ही टोकांच्या पोर्टचे ट्रिगर जोडा, एकाच टोकाचा जोडला तर ते टोकच बंद पडल्यावर रेघ जुन्या रंगात शांत बसते.

आता लाइट. यूपीएसला एसएनएमपी कार्ड असेल तर बॅटरीवर गेला का, किती मिनिटं उरली, सगळं मिळतं, पॉपच्या आयकॉनशेजारी छोटा बॅटरीचा आयकॉन ठेवा. पण ती कार्डं महाग आणि आमच्या निम्म्या पॉपला साधे यूपीएस. तिथे आम्ही एक जुना वापरून टाकलेला राउटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावलाय, यूपीएसवर नाही, आणि त्याला पिंग करतो. स्विच जिवंत आणि हा मेला म्हणजे लाइट गेली. दोन्ही मेले तर कट असेल नाहीतर बॅटरी संपली असेल, मग आधी लाइट कधी गेली होती ते बघायचं, दोन तास आधी गेली असेल तर बॅटरीच. आठ रुपयाची वायर आणि भंगारातला डबा, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग याचाच झालाय.

लेबल

थोडंच लिहा. पॉपचं नाव, रेघेवर खाली जाणारा ट्रॅफिक आणि क्षमता, "३.२ / १०" असं. आयपी ॲड्रेस मॅपवर नको, टीव्ही काउंटरच्या मागे असेल तर बिल भरायला आलेला माणूस सगळं वाचत उभा असतो. फोन नंबर, म्हणजे पॉपच्या जागामालकाचा, किल्ली कुणाकडे आहे, हे मात्र आयकॉनवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यूआरएलमधे टाका. रात्री दोनला शटर उघडणारा माणूस सापडणं हे फायबर जोडण्यापेक्षा अवघड काम आहे.

टीव्हीवर लावताना

वेगळा युजर बनवा, फक्त बघण्याच्या परवानगीचा, ॲडमिनचं लॉगिन टीव्हीवर सोडून जाऊ नका. डावीकडे मॅप, उजवीकडे प्रॉब्लेम्सची यादी, वर घड्याळ, किऑस्क मोड (फुल स्क्रीन, मेनू नाही). डॅशबोर्डची पानं आपोआप पलटायची सोय आहे पण मुख्य मॅपला ती लावू नका, नेमकं बघायच्या वेळी दुसरंच पान असतं.

घड्याळ शोभेचं समजू नका. एकदा आमचा ब्राउझर हँग झाला आणि संध्याकाळचा छान करडा मॅप रात्रभर तसाच दिसत राहिला, खाली दोन पॉप बंद. घड्याळ थांबलेलं दिसलं असतं तर कुणीतरी रिफ्रेश मारलं असतं. तसंच मॉनिटरिंग सर्व्हरच पडला तर कोण सांगणार, म्हणून बाहेर कुठेतरी, दुसऱ्याच कुणाच्या इंटरनेटवर, एक छोटा सर्व्हर ठेवा जो याला पिंग करेल आणि बंद पडला तर थेट मोबाइलवर मेसेज टाकेल.

तारा उपटून बघा

मॅप झाला म्हणजे झाला असं नसतं, रविवारी पहाटे कस्टमरना आधी मेसेज टाकून एकेक लिंक खरोखर उपटायची आणि नाइटच्या पोराला स्क्रीनसमोर बसवून विचारायचं, काय झालंय आणि कुणाला पाठवशील. तुम्ही शेजारी बसू नका, पॉपला जा आणि फोनवर विचारा, नाहीतर तुमच्या तोंडाकडे बघून ओळखतो. पहिल्या वेळी आमच्या सहापैकी दोन प्रश्नांची उत्तरं चुकली, दोन्ही वेळा दोष डिपेन्डन्सीचा निघाला. दुरुस्त केलं, पुढच्या रविवारी परत, मग सहाही बरोबर आली.

उपटलेली पॅचकॉर्ड परत लावल्यावर रेघ करडी झालेली स्वतः बघूनच निघा. आम्ही त्या दुसऱ्या रविवारी सातपूरची कॉर्ड अर्धवट बसवून मिसळ खायला गेलो, रेघ नारिंगीच राहिली, आणि पोरगा चार दिवस समजत होता की दादांची टेस्टिंग अजून चालू आहे.